सत्तरीनंतरचा सीबीसी रिपोर्ट कसा वाचायचा

घरातल्या ज्येष्ठांचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट, हातात आला की नजर टक्क्यांवर जाते. टक्के तूर्त बाजूला ठेवा. आधी पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा बघा. बहुतेक लॅब 4,000 ते 11,000 ही हद्द छापतात. त्या आकड्याला लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या टक्क्यांनी गुणा आणि 100 ने भागा. एकूण 6,200 आणि लिम्फोसाइट 18 टक्के, म्हणजे 1,116. टक्क्यांपुढे ‘कमी’ असा शेरा असला तरी खरी संख्या हजाराच्या वर आहे. एवढ्यावरून घाबरू नका.

वय जे बदलतं ते मात्र या आकड्यात दिसत नाही. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी तरुणपणापासूनच आकसते, तिथे चरबी साठते. मग कोणत्याही जंतूशी अजून गाठ न पडलेल्या कोऱ्या टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) घटतात, विशेषतः त्यांतला सीडी8 हा गट. त्यांची जागा जुन्या संसर्गांची आठवण बाळगणाऱ्या पेशी घेतात. बेरीज जवळपास तीच राहते. कोऱ्या किती नि जुन्या किती, हे फ्लो सायटोमेट्री या पेशींचे प्रकार ओळखून मोजणाऱ्या तपासणीत कळतं, पण केवळ वय झालं म्हणून त्या तपासणीवर पैसे घालवू नका.

सगळ्यांत घातक चूक पुढची: ‘काउंट नॉर्मल, म्हणजे इन्फेक्शन नाही.’ उतारवयात न्यूमोनिया असूनही काउंट चढत नाही, अंगही तापत नाही, असं होतं. स्लाइडवर बँड पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं अपक्व रूप, वाढल्यात का ते डॉक्टरांना विचारा. तब्येत बरी असताना चार दिवस सकाळचं तापमान लिहून ठेवा, त्यापेक्षा 1.1 अंश सेल्सिअस चढलं तर तो तापच समजा. माणूस अचानक गोंधळला, जेवेनासा झाला किंवा पडला, तर रिपोर्ट कितीही चांगला असो, त्याच दिवशी दाखवा.

स्टेरॉइड चालू असेल तर आधीच सांगा: त्याने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. रक्त घेतल्यावर जांभळ्या टोपणाची नळी 8-10 वेळा हलकेच उलटसुलट करायची असते. ते राहून नळीत गुठळी झाली, तर आकडे खोटेच कमी येतात; नमुना पुन्हा द्या.

लिम्फोसाइट मोजून 5,000 च्या वर निघाले आणि तीन महिन्यांनीही तसेच राहिले, तर ते वयाच्या खात्यावर टाकू नका. सीएलएल हा सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग बऱ्याचदा असाच, काहीही त्रास नसताना सापडतो. फ्लो सायटोमेट्री करायची ती अशा वेळी. रक्तविकारतज्ज्ञांकडे जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.