चंद्राचा प्रोजेक्ट करताय? आधी कॅमेऱ्याचा ऑटो मोड बंद करा

नववीत मी विज्ञान प्रदर्शनासाठी ठरवलं, चंद्र खरंच लहान-मोठा दिसतो का ते स्वतः मोजायचं. पृथ्वीपासून तो कधी ३,५७,००० किमीवर तर कधी ४,०६,००० किमीवर असतो, म्हणजे फोटोत व्यास १२-१३ टक्के तरी बदलायला हवा. दोन महिने गच्चीवर जाऊन फोटो काढले, ग्राफ एकदम सुंदर आला. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "बाळा, दर पौर्णिमेलाच सगळ्यात मोठा कसा काय?" मला उत्तर आलं नाही. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

झालं काय होतं, ऑटो मोडला सगळीकडे काळं आकाश दिसतं म्हणून तो उजेड वाढवतो, आणि पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या चंद्राच्या साधारण दहापट उजळ असतो, मग फोटोत नुसती पांढरी चकती येते आणि तिची कड बाहेर पसरते. मी मोजत होतो उजेड, अंतर नाहीच. चंद्र जवळ येतो दर २७.५ दिवसांनी, पौर्णिमा येते २९.५ दिवसांनी, दोन्ही वेगळ्या गोष्टी. तेव्हा मॅन्युअल मोड लावा, चंद्रावरचे काळे डाग स्पष्ट दिसेपर्यंत उजेड खाली आणा, आणि झूम शेवटपर्यंत तोच ठेवा. एक फोटो जरी वेगळ्या झूमचा घुसला तरी ग्राफ गेला. काही मोबाईलचा एआय चंद्र स्वतःच "सुधारतो", म्हणून कोणाचा तरी साधा कॅमेरा मागून आणा. ३०० मिमी लेन्सवर चंद्र सेन्सरवर (कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चिप) जेमतेम पावणेतीन मिमीचा पडतो, पण पिक्सेल मोजायला तेवढा पुरतो.

पौर्णिमेची वाट बघू नका. चंद्रकोरीच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर म्हणजेच पूर्ण व्यास, त्यामुळे कुठल्याही तिथीला मोजता येतं. कृष्ण पक्षात चंद्र उशिरा उगवतो, तेव्हा पहाटे शाळेच्या आधी काढा.

थर्माकोलचं चंद्रकलांचं रेडीमेड मॉडेल विकत आणू नका, प्लीज. आणि मार्गदर्शक मोठा शास्त्रज्ञ असायची गरज नाही, दर रविवारी "वही दाखव" म्हणणारं कोणीही चालेल, माझी आत्या होती.

ढगांनी चार-पाच रात्री गेल्या तरी घाबरू नका, ग्राफमध्ये गॅप चालतो, अंदाजाने भरलेला आकडा चालत नाही. पण दोन महिने पुरत नाहीत, तेवढ्यात २७.५ आणि २९.५ मधला फरक जेमतेम चार दिवसांचा पडतो, चार फेऱ्या केल्या तर आठ. म्हणून पावसाळ्याआधीच, फेब्रुवारी ते मे मोजून घ्या आणि डिसेंबरच्या प्रदर्शनात मांडा. मी दहावीत तसंच केलं, दोन मोठ्या चंद्रांमधलं अंतर २८ दिवस आलं.