वैद्यकीय इच्छापत्राचा प्रश्न वर्गातून महापालिकेपर्यंत कसा न्यावा

जैवनीतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला राजकारणाची ओढ बहुधा एखाद्या खटल्यातून लागते. परळच्या केईएम रुग्णालयात चार दशकांहून अधिक काळ अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या दयामरणाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल वर्गात वाचला जातो, रुग्णाची स्वायत्तता आणि डॉक्टरांचे कर्तव्य यांवर तासभर चर्चा होते, आणि शेवटी कोणीतरी विचारते की, मला कृत्रिम श्वासावर ठेवू नका असे आजीने लिहून दिले, तर तो कागद ठाणे शहरात कोणाकडे जमा करायचा. हा शेवटचा प्रश्न ज्यांना चर्चेइतकाच मोलाचा वाटतो, त्या ठाणे आणि नवी मुंबईतील विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे.

प्रथम एकच प्रश्न निवडावा आणि वर्षभर तो सोडू नये. ‘विज्ञानधोरण’ किंवा ‘आरोग्यव्यवस्था’ असे विषय घेणारा विद्यार्थी पुष्कळ वाचतो, पण त्याच्या हातून कोणत्याही कलमाला धक्का लागत नाही, असा माझा अनुभव आहे. येथे आजीच्या त्या कागदाचाच, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राचा (लिव्हिंग विलचा) प्रश्न उदाहरणादाखल घेऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 रोजी त्याला मान्यता दिली, परंतु त्यावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक ठरवल्यामुळे सामान्य माणसाला तो मार्ग जवळजवळ बंदच राहिला. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ही अट शिथिल करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरील साक्षांकन पुरेसे मानले, आणि रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांनी उपचार थांबवण्याविषयी शक्यतो प्रत्येकी 48 तासांत मत द्यावे असे सांगितले. तत्त्व 2018 मध्येच मान्य झाले होते. पाच वर्षे अडले ते कार्यपद्धतीपाशी. धोरणाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः या कार्यपद्धतीचा अभ्यास, हे विद्यार्थ्याने सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे.

त्यानंतर विषय कोणाच्या अखत्यारीत येतो ते शोधावे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे राज्यसूचीतील विषय आहेत, म्हणूनच 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांच्या ठरावांच्या आधारे राज्यघटनेच्या अनुच्छेद 252 खाली केला. खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी महाराष्ट्रात 1949 च्या राज्य कायद्याने होते आणि शहरांत ते काम महापालिका करते. इच्छापत्राची प्रत सांभाळण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेने सक्षम अधिकारी नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाचेच निर्देश आहेत. म्हणजे दिल्लीतील निकालाचा शेवटचा टप्पा ठाणेकरांसाठी पाचपाखाडीच्या महापालिका मुख्यालयात, आणि नवी मुंबईकरांसाठी बेलापूरला येऊन थांबतो.

कायदा कसा घडतो हे समजण्यासाठी एखाद्या विधेयकाचा प्रवास आरंभापासून अखेरपर्यंत वाचावा, आणि त्यासाठी सरोगसीचे विधेयक उत्तम आहे. 2019 च्या मसुद्यात सरोगेट माता जोडप्याची ‘जवळची नातेवाईक’ असावी अशी अट होती. जवळच्या नात्यातील स्त्रीवर घरातूनच दबाव येऊ शकतो, त्यामुळे तिची संमती खरोखर मुक्त राहील का, ही शंका जैवनीतीच्या विद्यार्थ्याला लगेच कळते. राज्यसभेच्या प्रवर समितीने फेब्रुवारी 2020 च्या अहवालात नात्याच्या अटीऐवजी ‘इच्छुक स्त्री’ हे शब्द सुचवले आणि सरोगेट मातेच्या विम्याची मुदत 16 महिन्यांवरून 36 महिन्यांवर नेण्याची शिफारस केली; हे दोन्ही बदल 2021 च्या कायद्यात उतरले. मूळ विधेयक, समितीचा अहवाल आणि अंतिम कायदा संसदेच्या संकेतस्थळावरून मुद्रित करून शेजारी शेजारी ठेवावेत आणि बदललेला प्रत्येक शब्द पेन्सिलीने अधोरेखित करावा. यात दोन रविवार जातात. समितीच्या अहवालाला असहमत सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका जोडलेल्या असतील, तर त्या मात्र वगळू नयेत, कारण राजकीय मतभेद नेमके कोठे होते ते तेथेच स्पष्ट दिसते.

आता हरकती व सूचना. केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार मसुदा किमान 30 दिवस जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे. हे धोरण कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे मुदत कमीही मिळते आणि तयारी आधीपासून असावी लागते. असाध्य आजारी रुग्णांचा जीवनाधार काढून घेण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा केंद्रीय आरोग्य खात्याने 2024 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा सूचना पाठवण्याची मुदत 20 ऑक्टोबर होती. अशा वेळी विद्यार्थी निबंध पाठवतात. मीही पहिल्यांदा चार पाने पाठवली होती, ज्यांत स्वायत्ततेची तात्त्विक मांडणी होती आणि एकाही परिच्छेदाचा क्रमांक नव्हता. सूचना एका पानाची असावी. तिच्यात परिच्छेद क्रमांक, आहे ती शब्दरचना, सुचवलेली शब्दरचना आणि तीन-चार वाक्यांत कारण, एवढेच असावे. नुसता आक्षेप घेतला तर पर्यायी शब्द शोधण्याचे काम अधिकाऱ्यावर पडते. तयार वाक्य दिले तर ते स्वीकारणे सोपे होते. इंग्रजीसोबत मराठी प्रतही लिहावी, कारण जे वाक्य मराठीत आजीला समजावता येत नाही, ते बहुधा आपल्यालाही पुरते समजलेले नसते.

स्थानिक पातळीवर माहिती अधिकाराचा अर्ज हे सर्वांत स्वस्त साधन आहे. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारणतः 150 शब्द, ही मर्यादा पाळावी. ‘इच्छापत्रांबाबत काय केले’ असे मोघम विचारू नये. इच्छापत्रांचा अभिरक्षक, म्हणजे ती सांभाळणारा, म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याचे पदनाम, नेमणुकीच्या आदेशाची प्रत, आजवर जमा झालेल्या इच्छापत्रांची संख्या, आणि ती जतन करण्याविषयीच्या लेखी सूचनांची प्रत, असे मागावे. इच्छापत्र लिहून देणाऱ्यांची नावे कधीही मागू नयेत. ज्या गोपनीयतेसाठी आपण भांडतो ती आपल्याच अर्जाने मोडता कामा नये.

उत्तर हाती आले की नगरसेवकाकडे जावे, आणि येथे पुष्कळ विद्यार्थी अकारण कचरतात. राजकारण्याला भेटल्याने अभ्यासकाची निष्पक्षता जाते, हे मला मान्य नाही. ‘मेडिकल एथिक्स’ हे नियतकालिक 1993 मध्ये मुंबईत सुरू झाले, ते महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या निवडणुकीच्या निमित्ताने एकत्र आलेल्या डॉक्टरांच्या गटातून. आपल्याकडे नीतिविचाराने मतपेटीशी आधीच नाते जोडलेले आहे. आपण एखाद्या पक्षाचे काम करत असू, तर ते भेटीच्या आरंभीच सांगावे आणि तोच कागद दुसऱ्या पक्षाच्या नगरसेवकालाही द्यावा. भेटीला माहिती अधिकाराचे उत्तर, एक पानाचे टिपण आणि महासभेत विचारता येईल असा एकच लिखित प्रश्न घेऊन जावे. इच्छापत्राच्या बाबतीत तो प्रश्न असा असू शकतो: मध्यरात्री अतिदक्षता विभागातून डॉक्टरांनी विचारणा केली, तर जमा असलेली प्रत त्यांना किती वेळात मिळेल आणि त्यासाठी कोणत्या क्रमांकावर संपर्क साधायचा?