भित्र्या कुत्र्याला क्लासला नेण्याआधी

ट्रेनिंगच्या पहिल्या क्लासला कुत्रा ‘सिट’ शिकेल ही अपेक्षा आधी बाजूला ठेवा. अनोळखी हॉलमध्ये, चार अनोळखी कुत्र्यांच्या देखत त्याने तुमच्या हातचा चिकनचा तुकडा खाल्ला, तर पहिला दिवस पास. सगळी तयारी त्या तुकड्यासाठी आहे आणि त्यातली बरीचशी घरातच करायची असते.

तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर क्लास सुरू करू नका. मुंबईत लालबाग-परळकडे बाप्पाच्या आगमनाच्या मिरवणुका चतुर्थीच्या कितीतरी आधीच निघू लागतात. रात्रभर ढोल-ताशे किंवा फटाके ऐकत पलंगाखाली बसलेल्या कुत्र्याला सकाळी क्लासला ओढत नेलं, तर आदल्या रात्रीची धडधडही तो सोबत घेऊन येतो.

मग डॉक्टर. लसीकरणाचं पुस्तक क्लासवाले मागतात. त्यात रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो या आजारांच्या लशींची नोंद हवी. पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, त्याच्या लशीचंही विचारून घ्या. महापालिकेचा परवाना राहिला असेल तर तोही काढून टाका. कागदांपेक्षा तपासणी महत्त्वाची, कारण कान ठणकत असेल किंवा कंबर दुखत असेल तरी कुत्रा कुणाला जवळ येऊ देत नाही आणि आपण त्याला भित्रा ठरवून मोकळे होतो. भीती फारच असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त घरच्या औषधांच्या डब्यातलं काही देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषासारखी बाधतात.

ट्रेनरला फोन करून विचारा: एका वेळी किती कुत्रे असतात, मध्ये आडोसा लावता येईल का, हॉल रिकामा असताना एकदा आणून वास घेऊ द्याल का, आणि कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नावर चोक चेनचं (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा ‘जरा धाकात ठेवावं लागतं’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून फोन ठेवा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना खाण्याआधीचा आवाज ऐकूनच लाळ सुटायची. तोच नियम इथे उलटा चालतो. दुसरा कुत्रा दिसला की गळ्याला हिसका, असं दोनचारदा झालं की पुढे दुसरा कुत्रा दिसणं हेच दुखणं होतं.

आता गोधडी, म्हणजे हॉलमध्ये कुत्र्याची स्वतःची जागा. माझ्या मते सोबत न्यायच्या सामानातली सगळ्यात कामाची वस्तू हीच. आमच्या कुत्रीची, टिकलीची, गोधडी आजीच्या जुन्या लुगड्यांची आहे, एका कोपऱ्यातला दोरा टिकलीने चावून काढलाय. सुरुवात घरात करा. गोधडी पसरा आणि गप्प बसा. पाय ठेवला की एक तुकडा गोधडीवरच टाका, बसला की दुसरा, आडवा झाला की दोनतीन. पाच मिनिटांत आटपा आणि गोधडी गुंडाळून उचला. ती कायम पडून राहिली तर तिचं अप्रूप राहत नाही. घरात जमलं की दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, मग खाली कंपाउंडमध्ये, मग वॉचमनची खुर्ची आणि डिलिव्हरीवाल्यांची ये-जा दिसेल अशा जागी. गोधडी दिसताच तो आपणहून तिच्यावर जाऊन पडायला लागला की ती क्लासला न्यायच्या लायकीची झाली. आणि क्लासच्या आधी धुऊ नका, घरचा वास त्यातच असतो.

खाऊ रोजच्यापेक्षा वरचढ हवा: उकडलेलं चिकन, अंडं, पनीर, वाटाण्याएवढे तुकडे करून. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण, मनुका आणि चॉकलेट तर अजिबात नको. त्या दिवशी जेवण थोडं कमी द्या. छातीवरून जाणारा हार्नेस आणि पाच-सहा फुटांची साधी लीश घ्या. गुंडाळी होणारी लांब दोरी ऐन वेळी हातात राहत नाही.

प्रवासाची तयारी वेगळी करा. मुंबईत उपनगरात रिक्षा, वांद्रे-सायनच्या पुढे शहरात टॅक्सी. दोन्हीकडे बसण्याआधी ‘सोबत कुत्रा आहे’ हे सांगा आणि सीटवर घालायला जुनी चादर न्या. शक्य असेल तर ओळखीच्या रिक्षात आधी नुसतं बसवून, खायला घालून उतरवा. लिफ्टमध्ये शेजारचे काका ‘चावतो का हो?’ म्हणत हात पुढे करतात, त्यांना आधीच थांबवा. मे महिन्यात दुपारची बॅच नको. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

हॉलवर गर्दीच्या आधी पोहोचा, दाराजवळचा कोपरा घ्या, गोधडी पसरा. बाकी कुत्र्यांपासून किती लांब बसायचं ते कुत्रा सांगतो. झोप आलेली नसताना जांभई, ओठांवरून सारखी जीभ, उचलून धरलेला पुढचा पाय, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर ही सुरुवातीची लक्षणं. नेहमी तुटून पडतो ते चिकन तो हुंगून सोडून देतो, तेव्हा तुम्ही फार जवळ बसलेले असता. मागे सरका, दाराबाहेर जावं लागलं तरी जा. तिथे तुकडे गवतात किंवा गोधडीवर विखरून टाका, हुंगत शोधताना तो निवतो. तो अंगाला चिकटला तर जवळ घ्या. ‘लाड केले की भीती वाढते’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आणि निघायची तयारीही ठेवा. एक तासाची फी भरली म्हणून तासभर बसायचं हा हिशेब इथे कामाचा नाही. दहा मिनिटं बरी गेली असतील तर तेवढ्यावरच उठा आणि ट्रेनरला हे आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाहुणे, आंघोळ, नखं कापणं काही ठेवू नका. घरी आल्यावर मोबाइलमध्ये टिपून ठेवा: किती अंतरापर्यंत खात होता, कुठल्या कुत्र्याला बघून थांबला, कोणत्या आवाजाला दचकला. पुढच्या खेपेला गोधडी कुठे पसरायची ते त्यावरूनच ठरेल.