पान नसलेलं जांभळं फूल दिसलं? एजिनेशिया ओळखताना या चुका टाळा

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीत भटकून आलेले मित्र हमखास एक फोटो पाठवतात. गवताच्या थोंबातून वर आलेली वीतभर लालसर काडी, टोकाला मान खाली घातलेलं एकच जांभळट-गुलाबी फूल, आणि पान एकही नाही. सोबत प्रश्न असतो, "ही कसली अळंबी?"

ती अळंबी नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलेली ही सपुष्प वनस्पती आहे, एजिनेशिया इंडिका. अलगद वाकून फुलाच्या नळीत पाहा. आत चार पुंकेसर आणि चांगली मोठी, मांसल कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारा भाग, दिसते. अळंबीला यातलं काहीच नसतं. हरितद्रव्य नाही एवढ्यावरून बुरशी ठरवायची घाई करू नका.

सगळ्यात खोल रुजलेली चूक मात्र वेगळीच आहे: "हिरवी नाही, म्हणजे कुजक्या पाल्यावर जगत असणार." आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजात मृतोपजीवी वनस्पतीचं उदाहरण म्हणून मोनोट्रोपा पाठ केलेलं असतं. पण पाला कुजवून त्यातलं अन्न घेणं हे बुरशीचं काम, ते फुलझाडांना जमत नाही. हिमालयातल्या जंगलांत उगवणारा पांढराफटक मोनोट्रोपाही ते करत नाही. त्याची मुळं बुरशीने वेढलेली असतात, आणि तीच बुरशी शेजारच्या झाडांच्या मुळांशीही जोडलेली असते. स्वीडनच्या एरिक ब्योर्कमन यांनी स्प्रूस आणि पाइनच्या खोडांत किरणोत्सारी साखर टोचली. ती पुढे जवळच्या मोनोट्रोपात सापडली. हे काम १९६० मध्ये प्रसिद्ध झालं. साखर झाडाची, पोचवणारी बुरशी, खाणारा मोनोट्रोपा! मला आजही हा प्रयोग वाचताना हरखून जायला होतं.

आपल्या एजिनेशियाला असा मध्यस्थ लागत नाही. ती थेट यजमानाच्या, म्हणजे ज्या वनस्पतीवर ती जगते तिच्या, मुळाला शोषकमूळ चिकटवते आणि पाणी, क्षार, साखर सगळं तिथूनच ओढते. म्हणून ती पूर्ण परजीवी. तिच्याच कुळातला ज्वारीवरचा टारफुला किंवा झाडावरचं बांडगूळ यांच्या पंक्तीत तिला सरसकट बसवू नका. त्या दोघांना हिरवी पानं असतात, थोडंफार अन्न ते स्वतः बनवतात. तंबाखू-वांग्यावरचा बंबाखू मात्र तिच्यासारखाच, पूर्ण परावलंबी.

यजमान शोधताना लोक जवळचं मोठं झाड पाहतात आणि नोंदवहीत त्याचं नाव लिहून मोकळे होतात. आधी गवत पाहा, बांबू पाहा. हिचा ओढा मुख्यतः गवतकुळाकडे. ऊसही त्याच कुळातला, आणि फिलिपिन्समध्ये उसाच्या शेतात हिने नुकसान केलेलं आहे.

कृपा करून ती उपटून कुंडीत लावू नका. अशी रोपं दोन-चार दिवसांत काळी पडलेली मी पाहिली आहेत. जमिनीतला सांधा इतका नाजूक असतो की बोटाने माती सारली तरी तुटतो, आणि सांधा तुटला की अन्न संपलं. नुसतं बी पेरूनही भागत नाही. धुळीसारख्या त्या बियांना रुजायला यजमानाच्या मुळाची जवळीक लागते.

राहिला फोटो. फक्त समोरून काढलेल्या फोटोवरून प्रजाती सांगणं अवघड जातं. फुलाखालचा संवर्त, म्हणजे फुलाला तळाशी वेढणारं आवरण, एका बाजूने चिरलेला असतो, त्याचं टोक कुशीवरून टिपा. टोक अणकुचीदार आणि काडी लांब असेल तर इंडिका. फुलं जमिनीलगत झुबक्याने आली असतील आणि टोक बोथट असेल तर तिची बहीण पेडंक्युलाटा असण्याची शक्यता जास्त. मोजमापासाठी शेजारी पेन ठेवा, बुंध्याजवळच्या गवताचा वेगळा फोटो घ्या, आणि पाय जपून टाका. एक फूल दिसलं की आसपास मातीतून नुकती डोकावणारी आणखी चार-पाच असतात.