स्क्विड गार करण्याआधी

स्क्विड म्हणजे अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र टिपणारा, अतिथंड ठेवावा लागणारा संवेदक. आमच्या इंदूरच्या प्रयोगशाळेत नवीन पोरं आली की मी आधी त्यांचे खिसे रिकामे करायला लावतो. चाव्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, मुलींच्या केसांतल्या पिना. सगळे हसतात. मग मी एक पिन चिमटीत धरून क्रायोस्टॅटजवळ, म्हणजे स्क्विड थंड ठेवणाऱ्या भांड्याजवळ, हलवतो, पडद्यावरची रेघ उडते आणि हसणं थांबतं.

हिशेब बघा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे 45 मायक्रोटेस्लाच्या आसपास. छातीपाशी मिळणारं हृदयाचं क्षेत्र काही दहा पिकोटेस्ला, म्हणजे सुमारे दहा लाख पटींनी कमी. स्क्विडला दोन्ही कळतात, वर लिफ्ट आणि खंडवा रोडवरचा ट्रकही.

म्हणून स्क्विडभोवती दोन डबे: बाहेरून म्यूमेटलचा, आतून शिशाचा किंवा नायोबियमचा. म्यूमेटलमध्ये जवळपास 80 टक्के निकेल. चुंबकरेषा हा धातू स्वतःतून वळवून नेतो. पण त्याला मार सोसत नाही. एकदा माझ्याच हातून डबा फरशीवर पडला. पोचा शोधूनही सापडेना, तरी आतलं क्षेत्र वाढलेलं. शेवटी हायड्रोजनच्या भट्टीत 1100 अंशांच्या वर पुन्हा तापवून आणावा लागला. तेव्हा त्याला भोक पाडायचं, वाकवायचं, ते सगळं भट्टीआधी.

म्यूमेटलचा डबा बसवला की डिगॉस करा, म्हणजे त्यात उरलेली चुंबकता काढून टाका. तारेचे वेढे घालून डिमरस्टॅटने (विजेचा दाब कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने) 50 हर्ट्झचा प्रवाह चढवा आणि अगदी सावकाश शून्यावर आणा. मध्येच बटण बंद केलंत तर डबा उलट चुंबकून बसतो. घाई करणाऱ्याला मी हे दोनदा करायला लावतो.

आता खरी गोम. शिसं 7.2 केल्विनखाली (केल्विन म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश) अतिवाहक होतं, म्हणजे त्यात विजेला रोध उरत नाही; नायोबियम साधारण 9.2 खाली. त्या क्षणी डब्यात जे क्षेत्र असेल त्यातलं बरंचसं आतच गोठतं. नंतर म्यूमेटल चढवून काही उपयोग नाही. म्हणून आधी म्यूमेटल, मग डिगॉस, मगच लिक्विड हेलियम, तेही हळूहळू. चुकलात तर वर काढा, दहा केल्विनच्या पुढे तापू द्या, पुन्हा सुरुवात.

शिशाचा डबा तळाशी बंद आणि व्यासाच्या चौपट तरी लांब हवा. स्क्विड तळाजवळ ठेवा. उघड्या तोंडातून आडवं क्षेत्र उभ्यापेक्षा खोल शिरतं. सांधा शिसं-कथिलाच्या सोल्डरने जोडा, 4.2 केल्विनला, म्हणजे लिक्विड हेलियमच्या तापमानाला, तोही अतिवाहक असतो.

एवढं करून पडद्यावर 50 हर्ट्झचा, म्हणजे घरच्या विजेच्या वारंवारतेचा, खांब दिसला, तर डब्याला दोष देऊ नका, तारा बघा. आमच्याकडे दोन दिवस गेले. पंपाचं अर्थिंग एकीकडे, ऑसिलोस्कोपचं दुसरीकडे. अर्थ एकाच बिंदूला द्या, जोडतारांना पीळ घाला, आत शिरण्याच्या जागी फिल्टर लावा. मोबाइल वाजल्यावर स्क्विडचा वक्र (चुंबकीय क्षेत्राबरोबर वरखाली होणारा त्याचा विद्युतदाब) चपटा होत असेल, तर रेडिओलहरी तारांवरूनच शिरताहेत.

लोखंडी स्टुलाची जागा मी फरशीवर पिवळ्या टेपने आखून ठेवली आहे. स्टूल तिथून हललं की मोजमाप रद्द.

हेलियम भरल्यावर तासभर थांबा. थंडीचे दिवस असले तर सराफ्यात गराडू खाऊन या. परत आलात की खिसे पुन्हा रिकामे करा.