दापोली ते राजापूर: गाडी काढण्याआधी पंचांग बघा

या वाटेवर किलोमीटरला फारशी किंमत नाही. दाभोळची फेरीबोट, हेदवीची बामणघळ, सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची कातळशिल्पं, सगळ्यांची आपापली वेळ असते. त्यामुळे दिवस आखायचा तो भरती आणि उन्हाच्या हिशोबाने.

भरतीचा ढोबळ हिशोब तिथीवरून लागतो. पक्ष कुठलाही असो, तिथीची पाऊणपट करा. तृतीया असेल तर सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती; त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा.

बामणघळीसाठी पौर्णिमा किंवा अमावस्या गाठा. तेव्हा उधाण असतं आणि भरती अकरा-साडेअकराला, म्हणजे भर उजेडात येते. अष्टमीला भांगाची भरती. पाणी कमी चढतं आणि तेही सकाळ-संध्याकाळी सहाला. घळ म्हणजे कातळातली अरुंद चीर. लाट आत कोंडते आणि जायला जागा नाही म्हणून वर उसळते. किनाऱ्यावरच्या उमामहेश्वर मंदिराकडून चालत जा, भरतीच्या अर्धा तास आधी पोचा. ओला, हिरवट कातळ दिसला की तिथेच थांबायचं. शेवाळावर कुठलीही चप्पल टिकत नाही, आणि चार लाटा शांत गेल्या म्हणून पाचवी तशीच येईल असं नाही.

त्या दिवशी सकाळची दाभोळ–धोपावे फेरी धरा. पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी असा रस्ता आहे. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. ती चुकली तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरहून जास्त वळसा पडतो. सुकतीला धक्क्याचा उतार जास्त जाणवतो आणि खाली बसकी गाडी फळीला घासते, म्हणून माणसं उतरवा आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवा. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्येच ठेवा. हेदवीनंतर तवसाळ–जयगड ही दुसरी फेरी. मग मालगुंड, आरे-वारे करत रत्नागिरीत मुक्काम. पेट्रोल तिथेच भरून घ्या.

दुसरा दिवस कातळशिल्पांचा. पावस, पूर्णगडवरून कशेळी. सकाळी नऊच्या आत सड्यावर हवं, नाहीतर संध्याकाळी साडेचारनंतर. जांभ्यात कोरलेल्या रेषा उथळ असतात. तिरप्या उन्हात त्यांच्यात सावली भरते, डोक्यावरच्या उन्हात सगळा सडा सपाट दिसतो. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. पायाशी बघत राहिलात तर नुसत्या वाकड्यातिकड्या खोबण्या दिसतात. दहा पावलं मागे या, आधी सोंड शोधा, मग पाठीची रेघ धरून कडेकडेने फिरा. हत्तीच्या पोटात कोरलेले बाकीचे प्राणी त्यानंतर उमगतात. फोटो नीट यावा म्हणून रेषांत खडू भरायचा नाही, आकृतीवर पाय द्यायचा नाही. पावसाळ्यात गवत आणि पाणी दोन्ही आड येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. सावली कुठेच नाही, माणशी दोन लिटर पाणी घ्या. नकाशा कधीकधी गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या अरुंद पाणंदीत नेऊन सोडतो आणि तिथे गाडी वळत नाही. डांबर संपलं की उतरून विचारा.

दुपारनंतर देवाचे गोठणे. इथल्या सड्यावर आडव्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. साधं होकायंत्र न्या. फोनचं वापरणार असाल तर लोहचुंबकाचं कव्हर आधी काढा, नाहीतर तो घरातही भरकटेल. आधी लांब उभं राहून उत्तर बघून ठेवा, मगच जवळ जा.

शेवटी राजापूर. इथली गंगा म्हणजे अधूनमधून आपोआप वाहू लागणारे झरे. ती आली आहे का हे गावात कुणालाही विचारा. तिचं येणं सांगून होत नाही, त्यामुळे केवळ तिच्यासाठी मुंबईहून निघू नका. नसली तर जवळच उन्हाळे गावात गरम पाण्याचा झरा आहे. तिथे पाय शेकून महामार्गाला लागा.