पॅनल्युकोपेनिया झालेल्या पिल्लाची शुश्रूषा आणि प्रतिकारशक्तीची औषधे

लस न टोचलेले दोन-तीन महिन्यांचे मांजराचे पिल्लू अचानक खाणे सोडून मुटकुळे करून बसले, पाण्याच्या भांड्यावर मान टाकूनही पाणी पिईना आणि उलट्या करू लागले, तर अपचन समजून रात्रभर वाट पाहू नये. ही लक्षणे पॅनल्युकोपेनियाची असू शकतात. या रोगाचा पार्व्होविषाणू वेगाने विभागणाऱ्या पेशी, म्हणजे आतड्याचे अस्तर आणि पांढऱ्या पेशी घडवणारी अस्थिमज्जा, नष्ट करतो. म्हणूनच प्रतिकारशक्ती ‘वाढवणाऱ्या’ औषधाकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. ज्या पेशींना चालना द्यायची, त्याच उरलेल्या नसतात.

पिल्लाला जगवते ती आधाराची चिकित्सा. पशुवैद्य शिरेतून सलाईन देतात, उलटी थांबवतात आणि जखमी आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंसाठी प्रतिजैविक देतात. घरी आपले काम उबेचे असते. निरोगी मांजराचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते; अंग गार पडले असेल, तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी आणि ऊब येईपर्यंत तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. उलटी आटोक्यात येताच मात्र थोडे थोडे अन्न सुरू करावे.

मांजरांसाठीचे इंटरफेरॉन ओमेगा, म्हणजे विषाणूविरुद्धच्या प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध, काही डॉक्टर सुचवतात, पण या रोगात त्याचा ठोस लाभ सिद्ध झालेला नाही. तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनांचे, सीरम आजारी पिल्लापेक्षा संसर्गाच्या सान्निध्यात आलेल्या, पण अजून लक्षणे नसलेल्या भावंडांना अधिक उपयोगी ठरते. ते दिल्यावर लस कधी द्यायची, हे डॉक्टरांना विचारावे, कारण तेच प्रतिपिंड लशीचा परिणाम दाबतात. ‘काढा’ म्हणून लसूण देण्याचा मोह टाळावा, कारण त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. पॅरासिटामॉलचा तर तुकडाही जीवघेणा ठरतो.

हा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. फरशी आधी साबणाने धुऊन, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे द्रावण दहा मिनिटे राहू द्यावे; फिनाईल मांजरांना विषारी असल्याने वापरू नये. नवे पिल्लू आणायचे झाल्यास लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, आईचे प्रतिपिंड ओसरेपर्यंत, म्हणजे किमान सोळा आठवड्यांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा द्यावी आणि लसीकरण पूर्ण झाल्यावरच त्याला या घरात आणावे.